तिथीचे दान आणि वाराचे जेवण

पितृपंधरवडा जवळ आला की अन्नदान करणाऱ्या संस्थांचे दूरध्वनी वाजू लागतात. ‘सर्वपित्रीला जागा आहे का?’ असा प्रश्न असतो. जागा म्हणजे त्या दिवशीच्या अन्नदानाच्या खर्चावर आपल्या वडिलांचे किंवा आजोबांचे नाव लागेल का, ही विचारणा. सर्वपित्री अमावास्येला दहा-दहा दाते रांगेत असतात. त्यातल्या आठांना ‘दुसरा दिवस घ्या’ म्हणून सांगावे लागते आणि त्यातले पाच जण दुसरा दिवस घेत नाहीत. अक्षय्य तृतीया, गुरुपौर्णिमा, दत्तजयंती, अधिक महिना यांचीही हीच गत. याउलट ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे जूनच्या मध्यापासून, पावतीपुस्तकाचे पान उलटत नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांनी आणि फीने दात्यांचेच खिसे रिकामे झालेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत पावसाने बांधकामे थांबतात, नाक्यावरची मजुरी बंद होते, आणि ज्यांच्या घरात डबे खडखडू लागतात त्यांची रांग लांब होते. भुकेचे पंचांग आणि दानाचे पंचांग वेगवेगळे आहे. अन्नदानाची संस्था चालवणे म्हणजे या दोन पंचांगांचा मेळ घालत बसणे.

बँकेत छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी आमच्या उपनगरातल्या एका छोट्या शिधाकेंद्राचे हिशेब लिहितो. (कादंबरी लिहायला कल्पनाशक्ती लागते, खजिनदाराला ती असून चालत नाही. एका माणसाने दोन्ही कामे करणे तसे धोक्याचेच.) हे अन्नछत्र नव्हे, हे आधी सांगायला हवे. अक्कलकोट, शेगाव, गोंदवले किंवा नांदेडच्या गुरुद्वाराचा लंगर इथे शिजवलेले अन्न पंगतीत वाढले जाते, येईल त्याला. शिधाकेंद्रात चूल नसते. एक कोठी असते, फळ्या असतात, वजनकाटा असतो. ठरलेल्या कुटुंबांना महिन्यातून एकदा डाळ, तेल, साखर, चहा, मीठ, तिखट, पोहे, शेंगदाणे असा कोरडा शिधा दिला जातो आणि ती माणसे आपल्या घरी, आपल्या चुलीवर, आपल्या चवीने शिजवून खातात. ज्यांना पंगतीत बसायची लाज वाटते, जे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सोडून बाहेर पडू शकत नाहीत, ज्यांना लहान मुलांना घेऊन रोज दोन मैल चालणे जमत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. आपल्याकडे तिला जुना शब्द आहे, सदावर्त. तो आता लग्नपत्रिकेतल्या ‘सौभाग्यकांक्षिणी’सारखा फक्त वाचायचा राहिला आहे.

अशा केंद्राचा खर्च कसा असतो? समजा, २०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाला ६०० रुपयांचा शिधा द्यायचा आहे. महिन्याचे झाले १,२०,००० रुपये. हे सगळ्यांना समजते आणि बहुतेकांना पटते. त्यानंतरचे कोणाला समजत नाही. कोठीचे भाडे, कोठी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, घाऊक बाजारातून माल आणणाऱ्या टेम्पोचे भाडे, हमाली, वीज, पिशव्या, उंदीर-घुशींचा आणि किड्यांचा बंदोबस्त, लेखापरीक्षकाची फी. काटकसरीने चालवले तरी हा खर्च सहज ४०,००० वर जातो. म्हणजे दर शंभर रुपयांतले पंचवीस रुपये पोत्यात न जाता पोत्याभोवती जातात. दात्याला हे पंचवीस रुपये खुपतात. ‘माझा सगळा पैसा धान्यालाच लागला पाहिजे’ ही अट देणगीच्या पत्रात मी इतक्या वेळा वाचली आहे की आता ती छापील असावी असे वाटते. मनुष्य स्वतःच्या घरी तांदूळ आणतो तेव्हा रिक्षाचे भाडे, डब्याची किंमत आणि घराचा हप्ता तो तांदळाच्या भावात धरत नाही. संस्थेच्या बाबतीतही तो तेच करतो. फरक इतकाच की घरी तो हप्ता तोच भरत असतो.

तांदळाला कीड लागते, ही साधी गोष्ट आहे. पण शिधाकेंद्राच्या अर्थकारणात तिला फार मोठे स्थान आहे. श्रावणात कुणी भक्तिभावाने वीस कट्टे तांदूळ आणून टाकतो. पावसाळी हवा, भिंतीला ओल, दोन महिन्यांत सोंडे धरतात. मग चार बाया लावून ते चाळायचे, उन्हे दाखवायची, तेवढ्यात घट येते ती नोंदवहीत दाखवायची, आणि दात्याला यातले काही कळू द्यायचे नाही. त्याच वीस कट्ट्यांचे पैसे आले असते तर माल हप्त्याहप्त्याने घेता आला असता. शिवाय कायद्यानेही पैसे दिलेले बरे. आयकरातली जी सवलत लोक ‘८० जी’ म्हणून ओळखतात ती पैशाने दिलेल्या देणगीला मिळते, वस्तुरूप देणगीला मिळत नाही. रोख रकमेवर ती २,००० रुपयांच्या वर मिळत नाही. धनादेश किंवा बँकेमार्फतच द्यावे लागते. हे सांगितले तरी दाता पोतेच आणतो. पोते दिसते, उचलताना घाम येतो, छायाचित्रात भरते. धनादेशाचे छायाचित्र काय काढणार?

आणि हे पोते बहुधा तांदळाचे किंवा गव्हाचे असते. यात एक मोठी विसंगती आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबांना घरटी ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ज्यांच्याजवळ शिधापत्रिका आहे आणि जिचा अंगठा यंत्रावर उमटतो त्यांच्या घरी तांदूळ-गहू बऱ्यापैकी येतो. येत नाही ती डाळ. येत नाही ते तेल. भात आहे पण त्यावर घालायला काही नाही, अशी आजची गरिबी आहे. ती आपल्या आजोबांच्या काळातल्या गरिबीहून वेगळी आहे. आपले दान मात्र अजून आजोबांच्या काळातच आहे. शिधाकेंद्रांनी तांदूळ-गव्हाला नम्रपणे नाही म्हणायला शिकले पाहिजे असे माझे मत आहे. नाही म्हणणे हे बँकेत आम्हाला शिकवले जायचे. विश्वस्तांना कोणी शिकवत नाही. त्यांना वाटते, लक्ष्मी आली तर परत कशी पाठवायची?

आता कायम ठेवीविषयी. महाराष्ट्रातल्या अनेक देवस्थानांच्या, मठांच्या आणि अन्नछत्रांच्या पावत्यांवर ‘शाश्वत अन्नदान’ किंवा ‘कायम तिथी’ असे शब्द असतात. एकदा ठरावीक रक्कम ठेवायची. तिच्या व्याजातून दरवर्षी त्या तिथीला तुमच्या नावाने अन्नदान होईल, यावच्चंद्रदिवाकरौ. ज्यांनी ही योजना काढली त्यांची श्रद्धा निर्मळ होती, यात मला शंका नाही. त्यांचे गणित मात्र त्या वर्षीच्या व्याजदरावर उभे होते. १९९२ साली मुदत ठेवींवर १३ टक्क्यांपर्यंत व्याज द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली होती. आमच्या शाखेत तेव्हा धर्मादाय न्यासांच्या ठेवींच्या नूतनीकरणाला रांग लागे. समजा, त्या वर्षी कोणी ५,००० रुपये कायम तिथीसाठी ठेवले आणि १२ टक्के धरले, तर वर्षाला ६०० रुपये आले. पानाला दहा रुपये खर्च धरला तर साठ माणसे जेवली. २०२१ साली मोठ्या बँकांचे मुदत ठेवीचे दर पाच-साडेपाच टक्क्यांवर आले होते. आज साडेसहा धरले तरी त्याच ५,००० चे ३२५ रुपये होतात. आणि पानाचा खर्च? महाराष्ट्र शासनाने २०२० साली शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा शहरातल्या थाळीची किंमत ५० रुपये धरली होती. त्या हिशेबाने ३२५ रुपयांत साडेसहा पाने. फलकावर नाव तेच, तिथी तीच, संकल्प तोच. साठांतली साडेत्रेपन्न माणसे मधल्या मध्ये कुठे गेली?

ती जेवतात, हे खरे. संस्था चालू असते, पंगतही बसते. पण त्यांचा खर्च आज पेटीत पैसे टाकणारा निनावी माणूस करतो आणि फलकावरचे नाव तीस वर्षांपूर्वीच्या दात्याचे असते. मोठ्या देवस्थानांना हे पेलते, कारण त्यांच्याकडे रोज नवे भाविक येतात. छोट्या संस्थेने या वाटेने जाऊ नये. कारण शाश्वत शब्द देऊन बसले की दरवर्षी थोडे थोडे दिवाळे निघत असते आणि ते ताळेबंदात दिसत नाही. ठेव तर शाबूत असते. ऑडिटर सही करतो. तिथीची मुदत पंधरा वर्षे ठेवावी, व्याजातला काही भाग मुळात मिळवत जावा, आणि ‘शाश्वत’ हा शब्द पावतीवरून काढून टाकावा, इतके साधे उपाय आहेत. ते सुचवल्यावर एका न्यासाच्या बैठकीत, मी तिथे पाहुणा होतो, एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘साहेब, मुदतीचे पुण्य कोण घेणार?’’ यावर बँकिंगच्या पुस्तकात उत्तर नाही.

पूर्वीच्या लोकांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्री अन्नछत्रे आणि सदावर्ते घातली. त्या काळी अशा धर्मकार्याला जमिनीचे किंवा गावाच्या उत्पन्नाचे साधन लावून देण्याची रीत होती. जमीन धान्य देते. धान्य महागले तर जमिनीचे उत्पन्नही त्याच प्रमाणात महागते. दुष्काळ पडला तर दोन्ही बुडतात, हा दोष. पण रुपया पातळ झाला म्हणून सदावर्त पातळ होत नाही. पुढे राज्ये गेली, बहुतेक इनामे गेली, आणि जमिनीच्या जागी मुदत ठेव आली. मुदत ठेव सुरक्षित असते, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. रकमेपुरते ते खरेच आहे. रकमेच्या पोटात किती डाळ मावते, याची हमी कुठलीच बँक देत नाही.

दानाची दुसरीही एक रीत आपल्याकडे होती. माझ्या वडिलांची पिढी वार लावून शिकली. खेड्यातून शिकायला आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा सात घरी जेवे. या पद्धतीत पाणी बरेच मुरलेले होते. जातीच्या चौकटीबाहेर ती फारशी गेली नाही, काही घरांतला वार हा शिळ्याचा वार असे, आणि दारात उभे राहताना मुलाची मान जी खाली जाई ती पुढे मोठा अधिकारी झाल्यावरही पुरती वर येत नसे. वडील त्यांच्या बुधवारच्या घराविषयी कधीच बोलले नाहीत. पण नुसता हिशेब पाहिला तर ही योजना अजोड होती. एका घरावर आठवड्याला एक पान, घरच्याच स्वयंपाकात सामावणारे. कोठी नाही, आचारी नाही, भाडे नाही, पावती नाही. आणि मुख्य म्हणजे दर बुधवारी बुधवार येतो. तिथी वर्षातून एकदा येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच तत्त्वातली लाचारी काढून टाकली आणि शिस्त ठेवली. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी वसतिगृह उभे केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहात आणि जेवत. गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य बाजूला काढून जमवायचे, तो मुष्टिफंड. दळायला बसण्याआधी मूठभर दाणे वेगळ्या मडक्यात टाकणाऱ्या बाईला आपण दान करतो आहोत असे फारसे वाटत नसणार, इतके ते रोजचे होते. तरीही तुटवडा पडलाच, आणि लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मुलांच्या पोटासाठी दिले, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. वाचताना डोळे भरून येतात, म्हणून त्यातली व्यवहाराची गोष्ट निसटते. मुष्टिफंडासारखी चांगली योजना असूनही हाती राखीव निधी नसला की घरच्या बाईच्या गळ्याशी येते. तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तो नसेल तर केंद्र उघडू नये, असे मी नव्या उत्साही मंडळींना सांगतो आणि त्यांचा थोडासा रोष पत्करतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याच भागात गल्लोगल्ली शिधावाटप सुरू झाले होते. एप्रिल ते जून पैसा वाहत होता. पुढच्या वर्षी तो आटला आणि एकेक केंद्र न बोलता मिटले. ज्या कुटुंबांना नंबर देऊन ठेवला होता ती पुढे कितीतरी दिवस बंद शटरसमोर येऊन जात.

मग सरकारने का करू नये? सरकारने केले आहे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. अनुदान होते तोवर भाकर होती. अनुदान गेले आणि त्याच टपऱ्यांवर वडापाव, चायनीज आणि शीतपेये आली. जागा मोक्याच्या होत्या, त्या कोणी सोडल्या नाहीत. शिवभोजनात गिऱ्हाइकाकडून दहा रुपये आणि उरलेले, शहरात चाळीस व ग्रामीण भागात पंचवीस, सरकारकडून अशी वाटणी ठरली. टाळेबंदीत दर पाच रुपयांवर आणला, पुढे काही काळ थाळी मोफतही दिली. ही थाळी मोजून दिलेली होती: दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. तिने पुष्कळ पोटे भरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केंद्र चालवणाऱ्या बचतगटाच्या बाईला किराणा आज रोखीने घ्यावा लागतो आणि अनुदान येईल तेव्हा येते. मधल्या काळात तिचे खेळते भांडवल कोण पुरवणार? सरकारी योजना बहुतेक वेळा याच ठिकाणी लंगडतात, तरतूद असते आणि तारीख नसते.

‘बँक’ या शब्दाचा मोह मला असणे स्वाभाविक आहे, म्हणून अमेरिकेतल्या ‘फूड बँके’विषयी कुतूहलाने बरेच वाचले. १९६७ साली अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. दुकानदारांकडचा विकला न जाणारा पण खाण्यालायक माल एका गोदामात जमा करायचा आणि ज्या संस्थांना हवा त्यांनी तिथून उचलायचा. ठेव ठेवावी आणि काढावी तसे. तिथे दोन पायऱ्या असतात. फूड बँक म्हणजे मोठे गोदाम. ते थेट माणसांना सहसा देत नाही. वस्तीतल्या चर्चमध्ये किंवा समाजमंदिरात जी छोटी कोठी असते, तिला ते ‘पँट्री’ म्हणतात, आणि तीच आपल्या शिधाकेंद्राची बहीण. माल फुकट असला तरी गोदामाच्या हाताळणीचा खर्च म्हणून पँट्रीकडून वजनावर थोडे शुल्क घेण्याची पद्धत तिकडे बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणजे ‘पोत्याभोवतीचा’ खर्च तिथे उघड्यावर मांडलेला असतो. दात्याच्या जबाबदारीविषयी त्यांनी १९९६ साली कायदाही केला: चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नाबद्दल देणाऱ्याला कोर्टात खेचता येऊ नये. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिल्लक अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी २०१९ साली विनियम केले. नोंदणी, स्वच्छता, मुदतीची नोंद ही बंधने त्यात आली. ती योग्यच आहेत. मुदत उलटलेली बिस्किटे गरिबाला चालतात, असे मानणारे सज्जन मी पाहिले आहेत.

तिकडची मला सर्वांत आवडलेली गोष्ट २००५ सालची. देशभरच्या फूड बँकांना माल वाटताना आधी रांगेची पद्धत होती. ज्याचा नंबर त्याला जो माल आला असेल तो. त्यामुळे जिथे बटाट्याचे डोंगर आहेत तिथे आणखी बटाटेच देऊ केले जात. मग शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी खोट्या पैशांचा लिलाव सुरू केला. गरजेच्या प्रमाणात प्रत्येक फूड बँकेला या चलनाचे वाटप. ज्याला जे हवे त्यावर त्याने बोली लावायची. ज्या मालाला कोणी हात लावत नाही तो उचलणाऱ्याला उलट चलन मिळायचे. ताजी भाजी स्वस्त ठरली, कारण ती अनेकांकडे होती आणि टिकत नव्हती. शेंगदाण्याचे लोणी आणि कोरडे टिकाऊ पदार्थ महाग गेले. गरिबांच्या अन्नाचा लिलाव ही कल्पना ऐकून कानात बोटे घालावीशी वाटतात. पण तिच्यामागचा विचार असा की घेणाऱ्याला आपली गरज देणाऱ्यापेक्षा जास्त कळते. आमच्या उपनगरात एका केंद्रात गव्हाची पोती छताला लागलेली असतात आणि तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात पीठ नसते. दोघांचे विश्वस्त एकमेकांना ओळखतात. दोघेही फोन करत नाहीत, कारण माझ्या दात्याचा गहू त्याच्या फलकाखाली का वाटावा?

घेणाऱ्याला काय हवे, हा प्रश्न आपल्या केंद्रांत विचारलाच जात नाही. सर्वांना सारखी पिशवी. मधुमेही म्हातारीला दोन किलो साखर, दात नसलेल्या आजोबांना शेंगदाणे. आमच्याकडे आता फळीवरच्या वस्तूंतून ठरावीक गुणांपर्यंत निवड करू देतो. वेळ जास्त लागतो, नोंदी वाढतात, मी थोडा कुरकुरतो. पण माल उरण्याचे प्रमाण कमी झाले हे माझ्या साठ्याच्या वहीतच दिसते. पात्रतेची चौकशी हा आणखी अवघड भाग. लंगरात कोणी कोणाला विचारत नाही, तेच त्याचे मोठेपण आहे. शिधाकेंद्राला विचारावे लागते, कारण माल मोजका असतो. तेव्हा विचारायचे ते एकदाच, घरी जाऊन, शक्यतो बाईमाणसाने, आणि नंतर वर्षभर नाही. रांगेत, चारचौघांत तर कधीच नाही. संस्थेचे नाव छापलेल्या पिशव्या एका प्रायोजकाने देऊ केल्या होत्या, त्या घेतल्या नाहीत. एक बाई दर महिन्याला नाक्यावरच्या किराणा दुकानाची पिशवी घरून घेऊन येतात; चाळीतून परतताना वाण्याकडून आल्यासारखे दिसावे म्हणून. त्यांना यापेक्षा जास्त काही सांगावे लागत नाही.

कारभाराविषयी मी बँकेतून एकच गोष्ट आणली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. कोठीची किल्ली ज्याच्याकडे त्याने साठ्याची वही लिहायची नाही, वही ज्याच्याकडे त्याला किल्ली नाही, आणि महिन्याच्या एक तारखेला तिसऱ्याने येऊन पोती मोजायची. ‘आमच्यात सगळे विश्वासातले आहेत’ असे यावर ऐकावे लागते. विश्वासातली माणसे असतात म्हणूनच तर हे करायचे. उद्या पाच किलो तेलाचा हिशेब लागला नाही तर संशयाचे बोट कोणा एकावर जाऊ नये. महिन्याची आवक-जावक दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहितो. धर्मादाय आयुक्तांकडे वर्षाचे हिशेब जातात ते वेगळे. फळा वाचायला रांगेतली माणसे असतात आणि ती फार बारकाईने वाचतात.

कंपन्यांचा पैसा आता या क्षेत्रात आला आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात; २०१४ पासून हे लागू झाले आणि मान्य कामांच्या यादीत भूकनिवारण अगदी पहिल्या कलमातच आहे. पैसा चांगला आहे, पण त्याला दिसणाऱ्या वस्तूंची आवड आहे. शीतकपाट मिळते, त्याचे वीजबिल मिळत नाही. टेम्पो मिळतो, त्यावर कंपनीचे नाव रंगवून मिळते, चालकाचा पगार मात्र ‘आवर्ती खर्च’ म्हणून नाकारला जातो. आणि प्रकल्प तीन वर्षांचा असतो. त्यामुळे केंद्राचा कणा कंपनी होऊ शकत नाही, जत्रेतला दाताही होऊ शकत नाही. कणा होतो तो महिन्याला दोनशे-तीनशे रुपये देणारा, बँकेला कायमची सूचना देऊन नंतर ते विसरून गेलेला माणूस. आमच्याकडे असे लोक थोडे आहेत: निवृत्त शिक्षिका, एक रिक्षाचालक, दोन परिचारिका, एक औषधविक्रेता. कोणाच्याही नावाचा फलक नाही. जूनमध्ये पावतीपुस्तक मिटलेले असते तेव्हा त्यांच्याच रकमा पाच तारखेला खात्यात येऊन पडलेल्या असतात. आमच्या वहीत त्या खात्याला मी ‘वार’ असे नाव दिले आहे. लेखापरीक्षकाने दोनदा विचारले, हे काय म्हणून.

सध्या प्रश्न तुरीचा आहे. नवी तूर लातूरच्या बाजारात जानेवारीच्या सुमारास जोराने उतरते, आणि सहा महिन्यांची डाळ त्या दिवसांत घेऊन ठेवली तर चार पैसे वाचतात. तूरडाळ किती उसळू शकते हे आपण २०१५ साली पाहिले. किलोला दोनशे रुपये झाल्यावर पुष्कळ केंद्रांनी शिध्यातली डाळ निम्मी केली होती. खरेदीसाठी पैसे डिसेंबरअखेर हाती हवेत. देणग्यांची भरती मात्र येते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आयकराची आठवण झाल्यावर. आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच नसल्याने ही भरतीही दरवर्षी थोडी ओसरते आहे. मधले तीन महिने आमचा घाऊक व्यापारी डाळ उधारीवर देतो, व्याज न लावता. गेल्या वर्षी विश्वस्तांनी ठराव करून त्याला विचारले, फळ्यावर तुमचे नाव लिहू का? तो म्हणाला, ‘‘नका लिहू. बाकीचे सगळे उधारी मागायला येतील.’’